दुकान वाढविले

अनुवादकानं शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली आणि पाकिटात भरता भरता सहज म्हणाला, "तुमच्या मालकांनी दुकान वाढवलं म्हणे. छान झालं." वेलांटी म्हणाली, "हो, छान झालं." समोरचा छान म्हणाला की आपणही छान म्हणायचं, ही तिची जुनी खोड; शब्द तिच्याआधीच तोंडातून बाहेर पडून मोकळे होतात. पाकीट पर्समध्ये घालून, आभार मानून ती जिना उतरू लागली आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे कुणीतरी कुंडीतलं झाड उन्हाच्या पट्ट्यात सरकवून ठेवलं होतं, तिचे पाय थांबले. दुकान वाढवलं. मालकांनी. तिला खाली उतरवेना आणि परत वर जाववेना. शेवटी ती तिथेच पायरीवर बसली आणि तिनं पाकीट उघडलं.

आत दोन कागद एकमेकांना जोडलेले होते. वरचा मालकांच्या हातचा. एकोणीस वर्षं ती हे अक्षर वाचत आली होती. काना सरळ, मात्रा जरा मागे झुकलेली, आणि शिरोरेघ अशी की पट्टी लावून ओढावी. नियमाप्रमाणे हे पत्र मालकांकडून परस्पर अनुवादकाकडे आलं होतं, तिच्या हाती ते आत्ताच पहिल्यांदा पडत होतं. पत्र पाच ओळींचं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'गेल्या महिनाअखेरीस आम्ही दुकान वाढविले. बाईंचे काम मात्र चालूच राहील, याची मी हमी देतो.' खालचा कागद इथल्या भाषेतला. आठ महिन्यांत तिला ती भाषा बोलता येत नसली तरी बोट ठेवून वाचण्याइतकी येऊ लागली होती. तिनं बोट ठेवलं. गेल्या महिन्यात आमच्या दुकानाचा विस्तार झाला असून बाईंचे काम चालू राहील, असं तिथे म्हटलं होतं. 'मात्र' कुठेच नव्हतं. विस्तार झालेल्या दुकानात त्या बिचाऱ्या 'मात्र'ला उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून अनुवादकानं त्याला हळूच बाहेर काढलं असणार.

अनुवादक भला माणूस. या देशातच वाढलेला, पण मराठी अगदी स्वच्छ बोलायचा, फक्त ती मराठी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातली होती. त्याच्या आईनं आयुष्यभर जेवण वाढलं असेल, मुलगा वाढवला असेल. दुकान तिनं कधी वाढवलं नसणार. मालक मात्र रोज वाढवायचे. सहा वाजले की टेबलावरची वह्यांची चळत सारखी करायची, छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळापासून राहिलेला पितळी चिमटा खणात टाकायचा, शटर गुडघ्यापर्यंत ओढायचं आणि म्हणायचं, "चला, वाढवू या." पुढे छोटं दुकान, मागे छापखाना, पण त्यांच्या बोलण्यात सगळ्याला मिळून दुकानच. नवीन आलेल्या हिशेबनिसानं एकदा विचारलं होतं, मालक, बंद करायचं का. तर त्या संध्याकाळी मालक कुणाशी बोलले नाहीत. बंद हा शब्द त्यांनी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नाही. आपल्या भाषेला संपण्याचं नाव घेणं कसं जिवावर येतं, हे वेलांटीला लहानपणीच कळलं होतं. आत्या म्हणाली होती, माझी बांगडी वाढली गं, आणि ती पळत बघायला गेली होती की मोठी झालेली बांगडी कशी दिसते. आत्याच्या ओंजळीत तीन तुकडे होते. त्या दिवशी घरात सगळे पोट धरून हसले होते. तेव्हा ती सात वर्षांची होती. अनुवादक पन्नाशीचा. पण चूक तीच, आणि तिला त्याचा राग येईना.

राग तिला स्वतःचा आला, तो रस्त्यावर आल्यावर. गेल्या महिनाअखेरीस. म्हणजे तिकडे मालक शेवटचं शटर ओढत होते तेव्हा आपण इथे काय करत होतो, हे तिनं आठवून बघितलं आणि तिला ते लगेच आठवलं, कारण तो दिवस फार चांगला गेला होता. ती खिडकीसाठी पडदा शिवत होती. निळा, बारीक रेघांचा. तपासायची प्रुफं त्या दिवशी थोडीच आली होती, पण शाळा सुरू झाल्या की स्वाध्यायपुस्तिकांचा लोंढा ओसरतोच, त्यात तिला वावगं वाटलं नाही. मालकांचा निरोपही नेहमीसारखाच होता: पान बेचाळीस पुन्हा बघ, 'स्थिती'ची वेलांटी उलटी फिरलीय. पडदा लावून झाल्यावर ती खुर्ची मागे घेऊन बसली होती आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली होती. आपण सुखात आहोत, असं तिला स्पष्ट शब्दांत वाटलं होतं. त्याच दिवशी, त्याच वेळी. कुणाचं काही चुकलं नव्हतं, तरी राग जाईना.

सुख म्हणजे तरी काय, तर एक दार. भावाच्या घरी तिची खोली मधली होती. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यातून, स्वयंपाकघरातून मोरीत जायचं तर तिच्यातून. कुणी वाईट नव्हतं. भाऊ, वहिनी, भाचरं, सगळी जाता जाता तिच्याशी प्रेमानं बोलायची, पण जाता जाता. वीस-बावीस वर्षं ती लोकांच्या वाटेवर झोपली, वाटेवर बसून प्रुफं वाचली. छापखान्यात एका वेलांटीसाठी छापलेला अख्खा सोळा पानांचा फॉर्म परत पाठवला म्हणून तिला वेलांटी हे नाव पडलं आणि ते तिला आवडलं, कारण ते घरातलं नव्हतं. मग धाकट्या बहिणीचं बाळंतपण निघालं. ती इथे, या परदेशी शहरात नवऱ्याबरोबर राहायची. तीन महिन्यांसाठी म्हणून वेलांटी आली, प्रुफं तिला इथेही येतच होती, आणि बाळ मान धरू लागल्यावर तिनं दोन थांबे पलीकडे एक खोली बघितली. भाड्याच्या घरातली मागची खोली, खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, खिडकीतून एक अंगण आणि त्यात सायकली. खोलीला एकच दार होतं. त्यातून तिच्याशिवाय कुणी येत-जात नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं ते तीनदा लावून बघितलं.

राहायचं तर कागद हवा. पाहुणी म्हणून मिळालेली मुदत या महिन्याअखेर संपत होती. एका देशात बसून दुसऱ्या देशातलं काम करणाऱ्यांसाठी इथे वेगळा व्हिसा होता, त्याला डिजिटल नोमॅड म्हणायचे. बहिणीनं तो शोधून काढला आणि त्याचा अर्थ सांगताना तिलाच हसू आवरेना. घर ते दुकान, दुकान ते घर, एवढंच फिरलेली आपली ताई, आणि सरकारी भाषेत भटकी. त्या भटकीचे सगळे कागद जमले होते: खोलीचा करार, विमा, पोलिसांचा दाखला. राहिलं होतं ते मालकांचं पत्र, आपली संस्था चालू आहे आणि या बाईंचं काम पुढेही राहील असं सांगणारं. ते आता शिक्क्यासह पर्समध्ये होतं. गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिला खिडकी क्रमांक सहावर बोलावलं होतं. ती वेळ हुकली तर पुढची अडीच महिन्यांनी, आणि तोवर परत मधली खोली. तिथून पुन्हा निघणं आपल्याला जमणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. माणूस एकदाच असा चुकून सुटतो.

आज सोमवार. ती थांब्याच्या बाकावर बसली, दोन गाड्या जाऊ दिल्या आणि मालकांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ असणार, वाढवायची वेळ. मालकांनी लगेच उचलला. मागे कुणी वर्तमानपत्राची घडी करत होतं. तिनं आडवळण घेतलं नाही, विचारलं, "वाढवलंत?"

"वाढवलं," मालक म्हणाले.

मला का नाही सांगितलं, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले की पत्रात लिहिलं की. ते पत्र माझ्यासाठी नव्हतं, इथल्या लोकांसाठी होतं, असं ती म्हणाली. तुझा कागद हातात पडेपर्यंत तुझ्या कानावर घालायचं नव्हतं, ते म्हणाले, तू तिथे हातपाय गाळून बसली असतीस. पण कागदावर खोटं लिहायचं तर हात चालेना. ती ओळ लिहायला त्यांना दोन दिवस लागले होते. तीन कागद फाडले, असं मालकीणबाईंनी मागून सांगितलं. मग वेलांटीनं त्या ओळीचं इथे काय झालं ते सांगितलं. पलीकडे मालक हसू लागले. इतके हसले की ठसका लागला.

"पंचावन्न वर्षांत मला जे जमलं नाही," ते म्हणाले, "ते त्या गृहस्थानं एका ओळीत केलं."

तिलाही हसू आलं, आणि त्या हसण्याच्या आडोशानं तिनं विचारून टाकलं, "मग राहू देऊ तसंच?"

मालकांनी हसू आवरलं. मग म्हणाले, "प्रूफ तुझ्या हातात आहे. मी आजवर कधी मध्ये पडलोय का?"

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. हो म्हणाले असते तरी चाललं असतं. ती बहिणीकडे गेली. बाळ तिच्या खांद्यावर लाळ गाळत होतं आणि बहीण बोलत होती, भराभर, कपड्यांच्या घड्या करत. ताई, तू काही खोटं केलं नाहीस. मालकांनी खोटं लिहिलं नाही. अनुवादकानं मुद्दाम केलं नाही. मग अडलं कुठे? त्या खिडकीतल्या माणसाला मराठी थोडीच कळतेय? कुणाला म्हणजे कुणाला कळणार नाही. आणि तुझं काम तर चालू राहणारच आहे, मालकांनी हमी दिली आहे. उगाच राईचा पर्वत करू नकोस. बहिणीच्या बोलण्यात कुठेही चूक नव्हती, वेलांटीनं शोधून बघितली. या अख्ख्या शहरात ती ओळ चुकीची आहे हे ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचा धंदाच चुका ओळखण्याचा. घरी परत येताना, गाडीच्या काचेत स्वतःचा चेहरा बघत, तिनं ते पत्र तसंच दिलेलं मनात पूर्ण रंगवून बघितलं. कारकून मान हलवतो, शिक्का बसतो, ती बाहेर येते. खोलीत जाते, दार लावते. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग ती टेबलाशी बसते, प्रूफ उघडते, आणि तिथे चित्र अडायचं. हात पुढे जायचा नाही. तिनं दोनदा पहिल्यापासून सुरू केलं, दोन्ही वेळा तिथेच अडलं.

मंगळवारी सकाळी प्रुफं आली नव्हती. ती पडदा बाजूला करून, चहा घेऊन बसली आणि तिनं मालकांचं पत्रच समोर घेतलं. दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून घेतलं, असं ती स्वतःला म्हणाली. सवयीनं ती अक्षरन् अक्षर वाचत गेली. एकही चूक नव्हती. 'वाढविले' हा शब्द लिहिताना शाई जरा जाड उतरली होती, लेखणी तिथे टेकून राहिली असावी. ज्या माणसानं पंचावन्न वर्षं बंद हा शब्द उच्चारला नाही, त्यानं परक्या सरकारला, कधी न बघितलेल्या कारकुनाला, आपलं दुकान आता नाही हे स्वतःच्या हातानं कळवलं होतं, ते कशासाठी, तर तिला इथे राहता यावं म्हणून, आणि तेही खरं सांगून. आणि पुढे लगेच 'मात्र'. त्या 'मात्र'मध्ये ती होती. सगळं गेलं, ही मात्र राहील. एकोणीस वर्षांत मालकांनी तिचं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं, आणि जे केलं ते अनुवादकानं जागेअभावी वगळलं. तिचे डोळे भरून आले. चहा निवला. मग तिला जाणवलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. मधली खोली तिथेच होती, पण तिच्याकडे आता बघवत होतं.

अकरा वाजता ती तीन जिने चढून अनुवादकाकडे गेली. त्यानं तिला बसायला सांगितलं, काही विसरलं का विचारलं. तिनं दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले आणि मालकांच्या ओळीवर बोट टेकवलं.

"यातलं 'मात्र' कुठे गेलं?"

तो वाचू लागला. एकदा, दोनदा. मला ते जरा खटकलं होतं, तो म्हणाला, बसत नव्हतं म्हणून काढलं. तिनं त्याला सांगितलं ते का बसत नव्हतं. हळूहळू, समजावून, सहा वाजल्याचं, चिमट्याचं, शटरचं. आत्याच्या बांगडीचंही सांगितलं, म्हणजे त्याला एकट्याला लाजल्यासारखं होऊ नये. त्याचा चेहरा तरी लाल झालाच. त्यानं चष्मा काढून पुसला. माझी आई कधीच असं बोलली नाही, तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, आमचं दुकान नव्हतं ना. तिनं मान डोलावली. त्यानं नवा कागद घेतला, ओळ दुरुस्त केली, 'मात्र'साठी इथल्या भाषेतला नेमका शब्द शोधायला दोन कोश पालथे घातले आणि शिक्का मारण्याआधी हात वर धरून तिच्याकडे बघितलं. हे असं दिलं तर तुमचा अर्ज नामंजूर होईल, हे तुम्हाला माहीत आहे ना, असं त्यानं विचारलं. नसलेल्या दुकानाची हमी कोण धरतो? तिनं माहीत आहे म्हटलं. शिक्का तसाच वर राहिला. मग त्यानं तो खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि अर्जाचे नियम पहिल्या पानापासून वाचायला घेतले. चूक त्याच्या हातून झाली होती आणि तो आता हटायला तयार नव्हता. पान सातवर त्याला सापडलं. या व्हिसाला दोन दारं होती: एक नोकरी करणाऱ्यांसाठी, दुसरं स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी. दुसऱ्याला मालकाचं पत्र लागत नाही, तो म्हणाला, काम देणाऱ्यांची लागतात. निदान तीन.

तिनं तिथूनच मालकांना फोन केला, दुरुस्त केलं म्हणून सांगायला. मालक फक्त "बरं केलंस" म्हणाले, पण ते असं म्हणाले की तिनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. पुढचं सगळं मग तेच बोलले. दुकानाच्या स्वतःच्या पुस्तकांची यादी, पुढे छापायच्या हक्कासकट, त्यांनी तिघा प्रकाशकांना वाटून दिली होती, आणि तिघांनाही एकच अट घातली होती: प्रुफं वेलांटीकडे जातील. नाहीतर यादी देत नाही. या महिन्यात तिच्याकडे आली ती प्रुफं त्यांचीच होती. हमी ती हीच, ते म्हणाले, हवेत नव्हती काही. तिघांनाही आत्ता पत्रं पाठवायला लावतो. बुधवारी दुपारपर्यंत तिन्ही पत्रं आली. एकात 'मुद्रीतशोधन' असं दीर्घ लिहिलं होतं. तिचा हात शिवशिवला, पण ते दुसऱ्याचं पत्र होतं. अनुवादकानं तिन्ही पत्रांचा अनुवाद तिच्यासमोर बसून केला आणि प्रत्येक वाक्याला तिला विचारलं, याचा आणखी काही अर्थ होतो का.

गुरुवारी खिडकी क्रमांक सहामध्ये एक तरुण कारकून होता, बाही दुमडलेली, सर्दी झालेली. काचेला मध्ये छोटी जाळी, तिच्याखाली माईक. त्यानं कागद एकेक करून बघितले. करार, विमा, दाखला, तीन पत्रं. मालकांचं पत्रही तिनं सगळ्यांत खाली ठेवलं होतं, ते कुणी मागितलेलं नसताना. त्यानं ते वाचलं, खालचा अनुवाद वाचला, आणि काही न म्हणता इतरांबरोबर जोडून टाकलं. वेलांटी त्याच्या बोटांकडे बघत उभी होती. आपण इथे उभे आहोत ते आपल्याच कागदांवर, असं तिला वाटलं आणि पाय जमिनीवर नीट टेकले. त्यानं काय काम करता विचारलं. तिनं पाठ केलेला शब्द सांगितला. किती जण आहात? एक. त्यानं नाक पुसलं, संगणकावर बरंच काही टाईप केलं आणि सांगितलं की कागद पुरेसे आहेत, एक वर्षाचा परवाना आठवड्याभरात घरी येईल. फक्त एक चौकट रिकामी राहिली आहे, तेवढी भरली की झालं.

त्यानं अर्ज काचेखालून तिच्याकडे फिरवला. ती चौकट तिनं पाहिली होती. काल दुपारी पाहिली होती, परवाही पाहिली होती. राहून गेली असं ती स्वतःला म्हणाली होती, पण मुद्रितशोधकाची चौकट कधी राहून जात नाही. पेन घेऊन ती तिथे दोनदा थांबली होती, आणि दोन्ही वेळा तिच्या हातानं जे नाव लिहायला घेतलं ते तिचं नव्हतं.

कारकुनानं तिला समजलं नसेल म्हणून सावकाश, सोप्या शब्दांत विचारलं, "व्यवसायाचा मालक कोण?"

"मी," ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही. त्यानं माईककडे बोट केलं. वेलांटी पुढे वाकली, तोंड जाळीजवळ नेलं आणि पुन्हा म्हणाली, आणि तो शब्द तिच्याच आवाजात सगळ्या खोलीभर ऐकू आला. खुर्च्यांवर बसलेली दोन-तीन माणसं मान वर करून बघू लागली.

"मी आहे."